आजोबा उठेपर्यंत

“आजोबांना त्या नाटकाला नेऊ नकोस गं, त्यांना ते नाटक वाटायचंच नाही,” आईनं बजावलं होतं. रोशेलनं हसण्यावारी नेलं. शहरसुधारणेत पाडलेली आजोबांची पिट्सबर्गमधली जॅझवाल्यांची आळी नाटकापुरती एका गोदामात पुन्हा उभी केली होती. प्रेक्षक घराघरांतून हिंडत होते. ट्रम्पेट ऐकत आजोबा आपल्या जुन्या घराच्या ओट्यावरच्या खुर्चीत विसावले. शेवटी अधिकारी झालेला नट ओरडला, “घरं रिकामी करा!” सगळे निघाले. “आजोबा, उठा ना, लोक बघतायत,” कडेवरच्या बाळाला थोपटत रोशेल कुजबुजली. “बघू देत, तिकीट काढलंय त्यांनी.” नट वाकला. “तुम्ही उठल्याशिवाय घर पाडता येत नाही हो.” “म्हणूनच बसलोय, पोरा. मागच्या वेळी उठलो होतो.” त्या दिवशी घर पडलं नाही. आता दर शुक्रवारच्या प्रयोगाला आजोबा तिथेच असतात. रोशेलला बाळामुळे दर वेळी जमत नाही. तुम्ही गेलात तर त्यांनी मफलर गुंडाळलाय का बघा.