लेप

वर्षभर सिल्लोडला आईकडे जायला सवड न मिळालेल्या शिवराजने साऱ्या सुट्ट्या खर्चून गाडी घरीच धुतली, घासली आणि रंगाच्या रक्षणासाठी तिच्यावर पारदर्शक लेप चढवला. दसऱ्याच्या सकाळी चिकलठाण्याचे अख्खे आकाश बॉनेटमध्ये उतरले. त्यातून एक विमान निःशब्द तरंगत गेले. तो भान हरपून पाहत राहिला.

पूजेसाठी शेवटी आईच आली होती. तिने ओल्या कुंकवाने त्या आकाशावर स्वस्तिक रेखले. रेषांचे थेंब झाले आणि थेंब घरंगळून गेले.

"आता हिला काहीच चिकटत नाय, आई!" तो कृतार्थ होऊन म्हणाला.

"व्हय का?" तिने तेच ओले बोट त्याच्या कपाळाशी नेले. "वाक जरा. इथं तरी टिकतंय का, बघू."