ओढ्यातनं जाणारी गाडी

हरिबा जीपखाली शिरले त्याला पाच मिनिटं झाली तरी बाहेर येईनात. दिसत होत्या त्या फक्त त्यांच्या वहाणा.

"आबा, झोप लागली का काय?" सुमितने वाकून विचारलं.

"पुढचा शाफ्ट हाय का बघतोय," खालून आवाज आला.

बघायला कारण होतं. शिक्रापूरला पाहिलेली पहिली गाडी कागदावर फोर बाय फोर होती, पण पुढच्या चाकांना फिरवणारा शाफ्टच कुणीतरी काढून विकलेला. दुसरी पॉलिश करून चकाचक उभी होती. हरिबांनी पायाखालची मॅट उचलली, तर खाली पुराचा वाळलेला गाळ निघाला. सुमित जुन्या गाड्यांचा दलाल. असलं चिकित्सक गिऱ्हाईक त्याने एरवी दुसऱ्या दिवशीच वाटेला लावलं असतं. पण आज तो स्वतःचं डिझेल जाळून म्हाताऱ्याला निमोण्याहून दौंडला घेऊन आला होता.

गोष्टच तशी होती. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर जायचा रस्ता एका भावाच्या रानातून जायचा. भावाभावांत बिनसलं आणि रस्त्याला काटेरी तार पडली. आता जाणं-येणं ओढ्यातून, आणि तिथल्या काळ्या चिखलात साधी गाडी रुतून बसते. वस्तीवर डायलिसिसचं बाईमाणूस. आठवड्यातून दोनदा शिरूरला न्यावं लागतं. गेल्या पावसाळ्यात ओढा दोन दिवस उतरला नाही आणि बाई मरता मरता वाचली.

"औंदाच्या पावसाच्या आत गाडी पायजे," हरिबा पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "साडेतीन लाखाच्या वर जमायचं न्हाई. जुनी चालंल, पर दगा देनारी नको."

ही जीप पोपटरावांची. रेल्वेतून रिटायर झालेला, तोलून मापून बोलणारा गृहस्थ. त्यांनी सर्व्हिसची सगळी बिलं दोऱ्यात ओवून ठेवली होती. किल्ली सुमितच्या हातात देत ते म्हणाले, "नदीत घालून बघा. मग बोलू."

भीमेच्या काठावर पोचल्यावर हरिबा मागच्या सीटवर गेले आणि चक्क आडवे झाले.

"तू चालव. मी असाच ऱ्हातो."

"आवं, धक्के बसतील!"

"त्येच बघायचंय."

सुमितने दांडा ओढून चारी चाकं लावली. गाडी गुरगुरत चिखलात उतरली, मध्ये जराशी डगमगली आणि पलीकडे निघाली. आरशात सुमितला दिसत होतं, हरिबा डोळे मिटून, दोन्ही हात पोटावर घेऊन पडलेले. तीन वेळा त्यांनी त्याला माघारी फिरवलं. एकदा पाणी होतं तिथून, एकदा चढावरून, आणि एकदा नुसतं सावकाश.

"बरी हाय," शेवटी ते उठून बसले. "टायर तेवढी बदलावी लागतील. चारी एकसारखी पायजेत, न्हाईतर गाडी एका अंगाला वढती."

लिंबाखाली गाडी लावून दोघं जेवायला बसले. हरिबांच्या फडक्यात दोन भाकरी होत्या, कडेला फाटलेल्या, मध्ये करपलेल्या.

"काकूंना होत नसंल आता," सुमित हळूच म्हणाला.

"मीच थापतो. लई वर्षं झाली."

सुमितने आपल्या डब्यातली भाजी त्यांच्यापुढे सरकवली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सकाळपासूनचा पाचवा. बायको मोनिका विचारत होती, येताना कढीपत्ता आणणार का, आणि मग शेजारणीचं काहीतरी लांबत गेलं. त्याने घाईने फोन आवरता घेतला.

"बोल की निवांत," हरिबा म्हणाले. "चांगलं वाटतंय ऐकायला."

त्यांच्या खिशातला फोन दिवसभरात एकदाही वाजला नव्हता. सुमितला फार वाईट वाटलं आणि त्या वाईट वाटण्याचा राग झाला.

"आबा, खरं सांगू? तुमचा भाऊ मानूस न्हाई. बाई अशी आजारी, आन् ह्यो तार काढत न्हाई? धा फूट रस्ता सोडला तर काय जातं त्याचं?"

"काय जात न्हाई," हरिबा म्हणाले.

"मग जाऊन बोला की."

"बारा वर्षं बोलनं न्हाई."

"गावातल्या मानसांनी तरी सांगावं."

"सांगून दमली. तहसीलदार झाला, कोर्ट झालं. तवा चारचौघांत, आईच्या पिंडापाशी शब्द गेला, की जित्तेपणी ह्या रानातनं रस्ता न्हाई म्हनून. त्यो शब्द कसा गिळायचा?"

"शब्द डोंबलाचा! रात्री झोप तरी लागती का त्याला?"

हरिबांनी भाकरीचा तुकडा फडक्यात परत ठेवला. "न्हाई लागत," ते म्हणाले. "आत्ताशी न्हाई लागत."

सुमितने गाडी पोपटरावांच्या घराकडे वळवली. पोपटरावांशी तो हट्टाने बोलला आणि व्यवहार तीन-दहावर आणला. उरलेल्या पैशात चार टायर बसत होती. वर आपली दलाली त्याने सोडून दिली. धंद्यात असं पहिल्यांदाच केलं त्याने, आणि त्याला छान वाटत होतं.

पोपटरावांच्या ओट्यावर त्याने गाडी नावावर करायचा फॉर्म काढला.

"आबा, पूर्ण नाव सांगा."

"गोकुळ विठोबा."

सुमितचं पेन थांबलं. "गोकुळ कोन? पोरगा?"

"धाकला भाऊ. सही त्याची घ्यायला तूच वस्तीवर जा. किल्लीबी तूच दे. बँकेची योजना हाय, नंबर लागला, काय वाट्टंल ते सांग. फकस्त माझं नाव काढू नको. बायको मरायला टेकली तरी माझ्या हातचं घ्यायचा न्हाई त्यो."

"आबा, तुम्हांला काय झालंय? ज्यानं रस्ता अडवला, त्यालाच गाडी देताय?"

"त्यानं कुठं अडवलाय?" हरिबा म्हणाले. "तार माझी हाय."