झिजलेली जागा

सेन नदीकाठच्या तळावर नितोच्या वारलेल्या वडिलांचं चाकांवरचं घर जळत होतं. मेलेल्याची वस्तू ठेवायची नाही, जाळायची, नावही घ्यायचं नाही, हा आम्हा मानूश जिप्सी लोकांचा रिवाज. आता त्यांच्या गिटारची पाळी होती. नितोने पेटी पुढे केली. "उघड की आधी," डोळ्यांनी अधू काका म्हणाला. "जन्माचा लबाड आहेस." नितोने झाकण उघडलं. वडिलांची गिटार तारांखाली बोटांनी झिजून पांढरी पडलेली होती. ही तिथे तुकतुकीत होती. ही नितोची होती. "वहिनी, दादाचीच ना?" काकाने विचारलं. आईने त्या जागेवरून हात फिरवला. "त्यांचीच. टाका." आगीत तारा एकेक करून तुटल्या. मग आई नितोला हळूच म्हणाली, "लपवलीस ती पॅरिसला खुशाल वाजव, तिच्या आवाजावर मोठा हो. इथे मात्र फक्त ऐकायला येत जा. इथली तुझी गिटार आत्ताच जळली."