बाणामागचं फुलपाखरू

चष्मेवाल्याच्या दुकानाची वेबसाइट नव्याने सजवायला लेकीने एआयला कामाला जुंपलं. भडक पिवळा गेला, नाचरी अक्षरं गेली. पान इस्त्री केल्यासारखं दिसू लागलं. चष्मेवाला शेजारी बसून बघत होता. मग पडद्यावर प्रश्न उमटला, ‘माउसच्या बाणामागे उडणारं फुलपाखरू जुनाट वाटतं. काढायचं?’ “काढायला सांगते, बाबा. लोक हसतात.” फुलपाखरू त्याच्या बायकोने बसवलं होतं. त्याला बाण सापडायचाच नाही. “गावाला चष्मे विकता, स्वतःला बाण दिसेना! आता फुलपाखराकडे बघा,” ती म्हणाली होती. ती गेली, फुलपाखरू राहिलं. “थांब, मी बोलतो त्याच्याशी,” म्हणत त्याने कीबोर्ड ओढला. ‘ते राहू दे.’ ‘त्याचा उपयोग काय?’ एआयने विचारलं. त्याने माउस पडदाभर फिरवला. फुलपाखरू निमूट मागोमाग आलं. मग एका बोटाने लिहिलं, ‘मी कुठे आहे ते कळतं.’