आणि बंधू

"नाही म्हणजे कसं नाही?" धाकट्यानं वहीवर बोट आपटलं. "भाऊ सापडतो आणि मी सापडत नाही. जुळे आहोत आम्ही, बाई. मी काय आभाळातून पडलो?"

चर्चच्या कारकूनबाईंनी त्याचं बोट उचलून बाजूला ठेवलं. "जपून. कागदानं सत्तरी ओलांडली आहे."

"मीही ओलांडली आहे. माझी कुणाला पडली आहे?"

हा त्याचा तिसरा हेलपाटा. पहिल्या दिवशी वही कुठल्या कपाटात तेच कुणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी कपाट सापडलं, तर किल्ली फादरांच्या खिशात आणि फादर परगावी. आज वही हातात आली, तर आत नुसते कोंबडीचे पाय, आणि तेही लॅटिनमध्ये. बाप्तिस्म्याच्या पानावर थोरल्याचं नाव, आईबापांची नावं, धर्ममातेचं नाव, सगळं जिथल्या तिथं. याचा मात्र मागमूस नाही. धुळीनं त्याला ठसका लागला. छाती जन्माचीच नाजूक. बाईंनी खिडकी उघडली आणि पाणी आणून दिलं.

"एवढं काय अडलंय तुमचं?"

"उद्या रंगारी यायचाय."

रंगारी यायचा होता दुकानाची पाटी नव्यानं रंगवायला. तसबिरींच्या चौकटी करायचं दुकान दोघा भावांचं, पण पाटीवर नाव थोरल्याचं, आणि त्यापुढे नुसतं 'आणि बंधू'. उभा जन्म धाकटा 'आणि बंधू' म्हणून जगला होता. थोरला म्हणे अर्ध्या तासानं मोठा, पण रुबाब असा, जणू धाकट्याला त्यानंच मांडीवर खेळवलंय. अंगापिंडानं दुप्पट, चालायला आधी लागला, म्हणून सगळे त्यालाच मोठा म्हणत आले. आईनं कधी कुणाचं तोंड धरलं नाही. वडिलांचं घड्याळ त्याला. खिडकीजवळची खुर्ची त्याला, का तर लढाईत पाय गेलेला. लहानपणापासून कुणी 'मोठा कोण?' म्हणायचा अवकाश, थोरला छाती काढून पुढे, मग समोर शाळेतले मास्तर असोत नाहीतर सरकारी शिपाई. धाकट्याला या सगळ्याचा वीट आला होता. एकदा तरी आपलं नाव आधी लागावं, मग खुशाल डोळे मिटावेत, एवढंच त्याचं मागणं होतं. आणि गेल्या महिन्यात म्हातारी आत्या बोलता बोलता म्हणून गेली होती, "पहिला तर तू आलास ना रे?" आणि लगेच चहाचं विचारत बसली होती.

"तुम्ही जन्मलात तेव्हा तब्येत कशी होती?" बाईंनी विचारलं.

"जगेन असं कुणाला वाटलं नव्हतं."

"मग हे आधी नाही का सांगायचं?" बाईंनी वही उलटी करून शेवटची पानं काढली. "असं मूल चर्चमध्ये आणेपर्यंत थांबत नसत. सुईणच घरी पाणी घालून बाप्तिस्मा द्यायची. त्यांच्या नोंदी इथे वेगळ्या असतात."

चौथ्या ओळीत तो सापडला. स्वतःचं नाव बघून त्याला उगाचच भरून आलं.

"पण हे सुईणीनं आधी पाणी घातलं म्हणून आधी, की जन्मानं?" यात मात्र त्याला फसायचं नव्हतं.

"जन्मानं. हे दोन शब्द बघा. जुळ्यांतला पहिला. आणि तुमच्या भावाच्या ओळीत, दुसरा." बाईंनी मराठीत उतरवून, शिक्का मारून कागद त्याच्या हातात ठेवला.

तो तरातरा दुकानात आला. थोरला खिडकीशी काच पुसत बसला होता. धाकट्यानं कागद त्याच्यापुढे टाकला. "वाच. मोठ्यानं वाच."

थोरल्यानं मनातल्या मनात वाचला, नीट घडी घालून परत दिला.

"बरं झालं. उद्या रंगाऱ्याला तुझं नाव आधी लावायला सांग."

इतकी वर्षं दातओठ खाल्ले ते यासाठी? धाकट्याला भांडण हवं होतं. "बस, एवढंच? तुला काहीच वाटलं नाही?"

"मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं आणि मिरवत राहिलास? लाज नाही वाटली? कुणी सांगितलं तुला?"

"आईनं." थोरल्यानं वाकून लाकडी पायाचा पट्टा सैल केला. "घरटी मोठा मुलगा लढाईवर न्यायला शिपाई दारात आला होता ना, तेव्हा. मला आत बोलावलं आणि म्हणाली, खरं हे असं आहे, आता बाहेर जाऊन काय सांगायचं ते तू ठरव."

"मग?"

"आदली रात्रभर तू खोकत होतास."