मागची हिरवळ

लग्नाआधीच्या फोटोंसाठी लिंतांगनं हट्टानं डच काळातलं वेड्यांचं जुनं इस्पितळ निवडलं. रंगरंगोटी झाल्यापासून सगळी जोडपी तिथेच जायची. आई फुलांची परडी उराशी धरून रेंगाळत मागून येत होती.

“चल गं, वेड्यांची भुतं काय धरणार आहेत तुला?” लिंतांग हसली.

बायकांच्या वॉर्डामागच्या हिरवळीवर आई थांबली, खाली बसली आणि तिनं अख्खी परडी गवतावर रिकामी केली.

“वा मावशी, काय सुचलंय!” फोटोग्राफर खूश झाला. “नवरीबाई, या, फुलांत उभ्या राहा. मस्त हसा.”

उंच टाचांच्या सँडल सावरत लिंतांग फुलांत जाऊन उभी राहिली, पण हसली नाही. “आई, ही आजीच्या कबरीवर वाहायची होती ना? लग्नाआधी तिचा आशीर्वाद घ्यायला उद्या जायचंय. ती कबर कुठेय, तेही तू आजवर सांगितलं नाहीस. आता काय रिकाम्या हातानं जायचं?”

आईनं मान वर केली नाही. गवतावरून हात फिरवत ती म्हणाली, “उद्या कुठेच जायचं नाहीये, पोरी. पायातलं काढ आधी.”