रजियाचं रान

“मी मेलो की आर्धं रान कादरचं,” नूरमहंमद म्हणाला. “शरियतच हाय तशी. लेकीला आर्धं, पुतण्याला आर्धं.”

काझीसाहेब बाजेवर बसून चहा पीत होते. नेवाशाहून घोडेगावच्या बाजाराला निघाले, की ते वाटेत इथं टेकत. आज विषय त्यांनीच काढला होता.

समोर रजिया मोट हाकत होती. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, तशी ती बापाकडे आली. तेव्हा या रानात नुसती कुसळं होती. लढाईच्या सालांत गडी मिळेनात, म्हणून तीच बैलांमागं उभी राहिली. आता तिथं कांदा डोलत होता.

“एका विहिरीचे दोन वाटे कसे करायचे?” नूरमहंमदनं विचारलं. “सगळं तिच्या नावानं लिहून ठेवलं तर?”

“मागं ठेवलेलं लिखाण टिकायचं नाही. पण जितेपणी देऊन टाकता येतं. साक्षीदारांसमोर बोलायचं, ताबा द्यायचा आणि गाठोडं घेऊन घराबाहेर पडायचं. दिलं ते खरंच दिलं, हे लोकांना दिसलं पाहिजे.”

“मग मी ऱ्हाऊ कुठं?”

“ते अल्ला बघेल. आधी तुम्ही ठरवा.”

नूरमहंमदनं ठरवलं. फक्त कादरला कळू द्यायचं नव्हतं. वारलेल्या थोरल्या भावाचा हा मुलगा घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करी. अंगानं दांडगा, बोलायला कमी. मध्यंतरी तो बांधावरून फिरून गेला होता, विहिरीत वाकून पाणीही पाहिलं होतं. विचारलं तर म्हणाला, “सहज.”

रजिया मात्र ऐकेना. “अब्बा, तुमाला बाहेर काढून मला रान नको.”

“तू कुठं काढतीस? मी चाललोय. तुझी आई आसती तर तिनं मला कवाच काढला आसता.”

रजिया हसली आणि मग रडली.

सोमवारी सकाळी काझीसाहेब आले. शेजारचा पुंजाराम आला, मशिदीतली दोन माणसं आली. नूरमहंमदनं लेकीच्या हाती घराची किल्ली दिली, मोटेचा कासरा दिला.

“आजपासून रान, विहीर, घर तुझं. माझं काय न्हाई.”

त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. पुंजारामानं पटक्याचा सोगा डोळ्यांना लावला. गाठोडं घेऊन म्हातारा उंबरा ओलांडून बाहेर आला, आणि थबकला.

दारात कादरची बैलगाडी उभी होती.

रजिया धावत बापाच्या पुढं झाली. “कादरभाई, अब्बांना काय बोलू नका. काय ते मला बोला.”

कादर खाली उतरला. त्यानं म्हाताऱ्याच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि गाडीत ठेवलं.

“चाचा, बसा. तुमची खोली सारवून ठिवलीय.”

नूरमहंमद गाडीत चढेना. “कादर, तुझं आर्धं रान गेलं रं. कळलंय का तुला?”

कादर बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिला.

नूरमहंमद काझीसाहेबांकडे वळला. “ह्याला कुणी सांगितलं?”

“त्याला कोण सांगणार?” काझीसाहेब म्हणाले. “तोच माझ्या दारात आला होता. म्हणाला, माझा हक्क बुडेल अशी वाट असली तर चाचाला सांगा, पण माझं नाव काढू नका.”